छापून आल्यावरच मथळ्यातली चूक का दिसते?

पूर्णविराम_हरवला
हसायचं तर हसा पण मदत करा. एका छोट्या साप्ताहिकात बातम्या आणि मथळे दोन्ही मीच बघतो. या अंकात माझ्या हातून 'पोलिसांकडून चोरलेल्या 10 दुचाकी जप्त' असं गेलं आणि सकाळपासून व्हॉट्सअ‍ॅपवर तेच फिरतंय, कोणी विचारतंय पोलिसांच्या गाड्या कोणी पळवल्या, कोणी म्हणतंय पोलीसच चोर निघाले. बातमी बरोबर, शुद्धलेखन बरोबर, तिघांनी वाचलं, एकालाही खटकलं नाही. असं का होतं? आणि तुमच्याकडे असे नमुने असतील तर टाका, तेवढंच मला बरं वाटेल.

काना_मात्रा
अरे शब्द एकही चुकला नाहीये, जागा चुकलीय. 'पोलिसांकडून' आधी आलं की ते शेजारच्या 'चोरलेल्या'ला जाऊन चिकटतं. 'चोरलेल्या 10 दुचाकी पोलिसांकडून जप्त' केलं असतंस तर एक अक्षर वाढलं नसतं. तुम्हा तिघांना बातमी आधीच माहीत होती ना, म्हणून डोक्यातला अर्थच कागदावर दिसला. ज्याने बातमी वाचलेलीच नाही अशा माणसाला नुसता मथळा दाखवत जा.

निवृत्त_उपसंपादक
पान सोडायची वेळ झालेली असते, मथळा दोन कॉलमात बसत नाही, मग कात्री लागते आणि पहिला बळी क्रियापदाचा जातो. ते एकवेळ समजू शकतो. पण शब्द निवडताना जो आळस होतो त्याचा मला जास्त राग येतो. 'पुण्यतिथी उत्साहात साजरी' वाचलंय ना सगळ्यांनी? किंवा 'यशाला आईवडील कारणीभूत'. अहो, कारणीभूत अपघाताला होतात! 'मृतांचा आकडा वाढण्याची आशा' हे तर मी स्वतः रात्री दीड वाजता पानावरून काढलंय, लिहिणाऱ्याला 'शक्यता' म्हणायचं होतं. यातला प्रत्येक शब्द शुद्ध, त्यामुळे कॉम्प्युटर लाल रेघ मारत नाही आणि मुद्राराक्षसाच्या नावावर बिल फाडायचीही सोय नाही.

रद्दीवाला_007
सगळ्यात भारी 1948 चं, अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतलं. 'ड्युईने ट्रुमनला हरवलं' असं शिकागो डेली ट्रिब्यूनने छापून टाकलं आणि निवडून आले ट्रुमन. छपाई कामगारांचा संप चालू होता म्हणून अंक लवकर छापायला घ्यावा लागायचा, पूर्ण निकालाची वाट कोण बघतो, अंदाजावर ठोकलं. ट्रुमन तोच अंक उंच धरून हसतायत तो फोटो बघाच.

काना_मात्रा
ती गंमत वेगळी रे. तिथे भाषा ठीक होती, बातमीच खोटी निघाली. इथे उलटं झालंय.

साधी_वाचक
सगळंच हसण्यावारी नेऊ नका हं. 'आत्महत्येचा प्रयत्न फसला' असं सर्रास लिहितात. फसला काय? माणूस वाचला ना! जणू काही बेत तडीस गेला नाही याचं वाईट वाटतंय. घरच्यांनी ते वाचलं तर काय होईल याचा विचार कोणी करतं का? 'वेळीच मदत मिळाल्याने जीव वाचला' लिहायला किती जागा लागते?

निवृत्त_उपसंपादक
ताई, अगदी बरोबर. मीही लिहिलंय तसं, एकदा नाही, अनेकदा.

पूर्णविराम_हरवला
सगळ्यांचे आभार. पुढच्या अंकात दुरुस्ती टाकतोय, मथळा असा केलाय: 'मागील अंकातील चुकीबद्दल पोलिसांची दिलगिरी'. चालेल ना?

काना_मात्रा
थांब!! छापू नकोस. दिलगिरी तू मागतोयस की पोलीस?