कर्णबधिर उमेदवार नेमके कुठे गळतात? – अनुभव धागा

कर्णबधिरांची भरती करणाऱ्यांनी, त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांनी काय जमतं, काय फसतं तेवढं नेमकं लिहा.

भरती विभागातून
गळती मुलाखतीच्या आधीच होते. पहिली चौकशी फोनवर. फोन उचलला नाही की नावापुढे 'प्रतिसाद नाही'. अर्जातच विचारा: फोन, व्हॉट्सॲप की ईमेल? लेथ ऑपरेटरच्या जाहिरातीत 'उत्तम संभाषण कौशल्य' कशाला हवं? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने खाजगी आस्थापनांनाही समान संधी धोरण बंधनकारक आहे. 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात सोयींचा तपशील आणि संपर्क अधिकारीही हवा.

सांकेतिक भाषेचे दुभाषी
दुभाष्याला मुलाखत घेणाऱ्याशेजारी बसवा. पाठीमागे खिडकी नको, उजेडात हात आणि चेहरा काळे दिसतात. प्रश्न उमेदवाराकडे बघून विचारा. तासाहून जास्त काम असेल तर दोघे लागतात, साधारण 20 मिनिटांनी अदलाबदल. हातांआधी डोकं थकतं आणि वाक्यं गळायला लागतात. घरच्यांना मात्र दुभाषी करू नका. आई उत्तरं स्वतःच देऊन टाकते.

कर्णबधिर शाळेतली शिक्षिका
'ओठ वाचता येतात ना?' यावर विसंबू नका. आरशासमोर आवाज न काढता पान, बाण, मान म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतात. सात आणि साठसुद्धा! म्हणून पगार, तारीख, वेळ लिहूनच द्या. आणि लेखी मराठीत विभक्ती चुकली म्हणून कुणाला कमी लेखू नका. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरणच वेगळं आहे, तिच्यात प्रश्नाचा शब्द शेवटी येतो: 'तू राहणं कुठे?'

कारखान्यातले सुरक्षा पर्यवेक्षक
ताईंचं पटलं. आमच्याकडे नकाराचं ठरलेलं कारण म्हणजे 'मशीनवर धोका'. त्यावर उपाय आहेत. भोंग्याच्या जोडीला उघडझाप करणारा दिवा लावा, फोर्कलिफ्टच्या वळणांवर बहिर्गोल आरसे बसवा. दिवा शॉपफ्लोअरवर लागतो, पण स्वच्छतागृह आणि गोदाम हमखास विसरतात. एकदा भोंगा न वाजवता फक्त दिव्यावर बाहेर पडण्याची कवायत घ्या. कोण मागे राहिलं ते लगेच कळतं. प्रेसशॉपमध्ये (पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या विभागात) श्रवणयंत्रावर भिस्त नको, ते गोंगाटही वाढवतं.

सॉफ्टवेअर टीम लीड
मीटिंगमध्ये मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळलं की आपोआप उमटणारी कॅप्शन्स कोलमडतात. एका वेळी एकानेच बोलायचं, विषयांची यादी आदल्या दिवशी पाठवायची. तरी खरे निर्णय चहाच्या टपरीवर होतात. ते त्याच दिवशी ग्रुपवर लिहा, नाहीतर बढतीच्या वेळी कर्णबधिर सहकाऱ्याच्याच फाइलवर 'पुढाकार घेत नाही' असा शेरा पडतो.