मदत हवी आहे : प्रेअरी डॉग, कायोटी आणि हरीण, तिन्हींसाठी एकच रायफल घ्यावी का? (कोलोरॅडो)

नमस्कार मंडळी,

मी कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सजवळ राहतो. महिन्याभरात आयुष्यातली पहिली रायफल घ्यायची आहे आणि तीन आठवडे झाले, डोक्यात दुसरा विषय नाही. अमेरिकेत शिकारीला जाणारी मराठी मंडळी आहेत हे मला माहीत आहे, फक्त त्याबद्दल उघडपणे बोलणारे कमी. जाणकारांनी मोकळेपणाने मार्गदर्शन करावे. शिकार करावी की करू नये ही चर्चा मात्र या धाग्यावर नको ही विनंती, त्यावर घरात पुरेसं बोलणं झालंय.

आधी परिस्थिती सांगतो. माझ्या सहकाऱ्याच्या सासऱ्यांचं इथून पूर्वेला, वेल्ड काउंटीत गुरांचं मोठं रान आहे. सपाट माळ, मध्ये एक कोरडा ओढा, दोन्ही काठांनी कॉटनवुडची झाडं. माळाचा एक मोठा तुकडा प्रेअरी डॉगनी अक्षरशः चाळण करून टाकलाय. हा प्राणी खारीच्या कुळातला, बिळात वसाहत करून राहतो. बिळाचं तोंड तांब्या जेमतेम आत जाईल एवढं, भोवती मातीचा उंचवटा, गवत वाढलं की काही दिसत नाही. गेल्या मे महिन्यात मी तिथे असतानाच एका कालवडीचा पुढचा पाय त्यात गेला. नळीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं. ती उठायचा प्रयत्न करत होती, दर वेळी त्याच पायावर. मालकांनी तिथेच तिला संपवलं आणि नंतर बराच वेळ ते ट्रकच्या फळीवर बसून राहिले.

त्यांचं म्हणणं असं : उन्हाळ्यात प्रेअरी डॉग कमी करायला ये, वासरं जन्मतात त्या दिवसांत कायोटींवर (लांडग्याच्या कुळातला, पण लहान चणीचा इथला प्राणी) नजर ठेव, आणि शरद ऋतूत तुला हरणाचा परवाना लागला तर ओढ्याकाठी ये. इथे हरणाचे सगळे परवाने सोडतीने मिळतात, एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत अर्ज करावा लागतो. मी आणि माझी चौदा वर्षांची लेक, दोघांनी हंटर एज्युकेशनचा कोर्स पुरा केलाय. इथे मोठ्या सावजासाठी किमान वय १२ आहे, त्यामुळे तीही अर्ज करणार. रायफल दोघांत एक, असा विचार आहे. लेक डावखुरी आहे हेही लिहून ठेवतो.

आता अडचण. एका दुकानात गेलो, तिथल्या विक्रेत्याने .२२-२५० रेमिंग्टन या काडतुसाची रायफल हातात दिली. "प्रेअरी डॉगला याच्यासारखं काही नाही, आणि हरणालाही चालून जाईल." मी खूश होऊन घरी आलो आणि राज्याचं नियमपुस्तक उघडलं. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचात) लागतं, म्हणजे सहा मिलिमीटर. गोळी पसरणारी हवी, किमान ७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), आणि १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा हवी. .२२-२५० ची गोळी .२२४ इंचाची. कितीही वेगाने जाऊ दे, ती इथे हरणावर चालवता येत नाही. .२२३ ची तीच गत, शिवाय तिची नेहमीची ५५ ग्रेनची गोळी १०० यार्डांवर हजाराच्या खालीच असते. विक्रेत्याच्या भरवशावर राहिलो असतो तर पहिल्याच हंगामात गुन्हा झाला असता.

म्हणून आता .२४३ विंचेस्टरवर येऊन थांबलोय. ५८ ग्रेनच्या हलक्या गोळीपासून १०० ग्रेनपर्यंत सगळं मिळतं. हलकी गोळी सेकंदाला ३,७०० फुटांच्या वर जाते, १०० ग्रेनवाली साधारण २,९६०. कागदावर तरी एकाच नळीत दोन्ही कामं बसतात. ६.५ क्रीडमूर हे जास्त दमदार काडतूस घे म्हणणारेही भेटले. पण शेजाऱ्यांची .३०८ लेकीने एकदा चालवून पाहिली, तिचा धक्का मोठा, चौथ्या काडतुसाला तिने चाप ओढण्याआधीच डोळे मिटले होते. मला ते परत नको आहे.

यामागे एक जुनी गोष्टही आहे. आमचं गाव कुडाळच्या वरच्या अंगाला. आजोबांकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आणि ठासणीची बंदूक होती. १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधीची हकिकत, वडिलांनी सांगितलेली. भातात घुसलेल्या रानडुकरावर आजोबांनी अंधुक उजेडात बार टाकला, तो पोटात लागला. रक्ताच्या मागावर दुपारपर्यंत फिरले, सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी वासावरून सापडलं. त्यानंतर आजोबांनी बंदूक पुष्कळदा उचलली, पण खात्री नसताना चाप ओढला नाही. मला माझ्या लेकीच्या वाट्याला तो तिसरा दिवस यायला नको आहे.

तेव्हा विचारायचं ते हे : .२४३ एकच घ्यावी की दोन वेगळ्या? एकच घेतली तर दोन वजनांच्या गोळ्यांचा नेम कसा सांभाळायचा? दुर्बिणीसकट सगळं मिळून पंधराशे डॉलरच्या आत बसवायचं आहे. आणि डावखुऱ्या मुलीसाठी उजव्या हाताची रायफल घेणं चूक आहे का?

प्रतिसाद (टेक्सासहून)

दादा, नियमपुस्तक उघडलंत हे फार चांगलं केलंत. आमच्याकडे टेक्सासात हरणाला कुठलंही सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर ठोका बसून पेटणारं) काडतूस चालतं, मी स्वतः .२२३ ने हिल कंट्रीतली लहान चणीची हरणं घेतली आहेत. पण तुमच्याकडचं म्यूल डिअर जातीचं हरीण अंगाने कितीतरी मोठं. तिथे .२४३ हीच माझ्या मते खालची मर्यादा समजा.

या काडतुसाचा जन्मच तुमच्या प्रश्नातून झालाय. १९५५ साली विंचेस्टरने .३०८ ची मान आवळून .२४३ काढलं, त्याच साली रेमिंग्टनने .२४४ आणलं. दोन्ही सहा मिलिमीटरची, ताकद जवळपास सारखी. रेमिंग्टनने धरून चाललं की लोक ही मुख्यतः लहान प्राण्यांसाठी घेतील, म्हणून गोळीला फिरकी देणारे नळीतले आटे १२ इंचांत एक फेरा असे ठेवले. विंचेस्टरने १० इंचांत एक. १०० ग्रेनची लांब गोळी १२ च्या फेऱ्यात नीट स्थिर होईना, आणि गिऱ्हाइकाला तर दोन्ही कामांची एकच बंदूक हवी होती. .२४४ मागे पडली. १९६३ मध्ये रेमिंग्टनने फेरा बदलून ६ एमएम रेमिंग्टन असं नवं नाव दिलं, पण तोवर .२४३ घरोघरी पोचली होती. तेव्हा कुठलीही घ्या, ट्विस्ट (आट्यांचा फेरा) १० किंवा त्याहून कमी इंचांचा आहे ना ते पाहून घ्या. आजकाल बहुतेकांचा असतोच.

नेमाचं म्हणाल तर स्कोप (रायफलवरची दुर्बीण) हरणाच्या गोळीवर बसवा आणि तो तिथेच राहू द्या. मग हलक्या गोळीचे पाच बार १०० यार्डांवर कागदावर टाका. ती कुठे पडते, वर, खाली, बाजूला (बाजूलाही सरकते बरं का), ते पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून दस्त्याला लावा. माझ्या दस्त्यावर अशी पट्टी बारा वर्षं आहे. दर वेळी स्कोपच्या खुंट्या फिरवत बसाल तर एक दिवस परत फिरवायचं विसराल, आणि तो दिवस नेमका हरणाचा असेल.

प्रतिसाद (नेब्रास्काहून)

मी जनावरांची डॉक्टर आहे आणि नवरा शिकारी, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघते. माझं मत वरच्या दादांपेक्षा थोडं वेगळं आहे.

हरणावर तुम्ही वर्षात दोन-तीन बार टाकाल. प्रेअरी डॉगच्या वसाहतीत एका सकाळी शंभर. .२४३ मध्ये चाळीस-पंचेचाळीस ग्रेन दारू एवढ्याशा भोकातून जाते, .२२३ मध्ये पंचवीसच्या आसपास. नळी तापलेली असताना भराभर बार टाकत गेलं की काडतुसाच्या पुढचा नळीचा भाग जळत जातो. .२४३ ची नळी दोन हजार बारांच्या आसपास थकायला लागते, .२२३ ची त्याच्या दुप्पट-तिप्पट टिकते. म्हणजे दोन-तीन उन्हाळ्यांत तुम्ही हरणाची रायफल प्रेअरी डॉगवर संपवून टाकाल. शिवाय .२४३ चं काडतूस दीड-दोन डॉलरला पडतं, .२२३ निम्म्यात येतं.

तुमची लेक डावखुरी आहे हे तुम्ही शेवटी टाकलंत, मला ते पहिलं वाटतं. हरणाची रायफल तिच्या मापाने घ्या. डाव्या हाताचा बोल्ट (काडतूस आत-बाहेर करायचा दांडा), दस्ता आखूड, .२४३. रुगर अमेरिकन, सॅव्हेज, टिक्का, तिघांकडे डाव्या हाताची मिळते. ती तुमच्या नावावर राहील, पण अंगावर तिच्या बसली पाहिजे. वर्षातले दोन-तीन बार तुम्ही डाव्या बोल्टवर सहज सांभाळाल, तिने मात्र उजव्या बोल्टवर तोंडासमोरून हात नेत शिकू नये. तुमच्यासाठी एक साधी .२२३, सॅव्हेज अ‍ॅक्सिससारखी. ती चार-साडेचारशे डॉलरला येते.

अजून दोन गोष्टी, या मात्र नक्की ऐका. मारलेले प्रेअरी डॉग माळावरच राहतात आणि गरुड, ससाणे ते खातात. शिशाच्या गोळीचे कण त्यांच्या पोटात जातात. शिसं चढलेला गरुड मी टेबलावर पाहिलाय, मान उचलता येत नाही, पंजे आवळलेले असतात. हरणासाठी ८० किंवा ८५ ग्रेनची तांब्याची गोळी घ्या, ती .२४३ मध्ये उत्तम चालते, तुमच्या राज्याच्या ७० ग्रेनच्या अटीतही बसते. माळासाठीही शिसं नसलेली मिळते ती घ्या. दुसरं, प्रेअरी डॉगना प्लेग होतो आणि तो पिसवांतून माणसाला लागू शकतो. मेलेला प्राणी हाताने उचलू नका, कुत्रा बरोबर नेऊ नका.

प्रतिसाद (न्यू जर्सीहून)

जरा बाजूचा प्रश्न. मी एच-१बी वर आहे. मला हे सगळं करता येतं का, की ग्रीन कार्ड लागतं?

धागाकर्ता

न्यू जर्सीकर, माझं ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा केंद्रीय अर्ज) भरून पार्श्वभूमी तपासणी झाली की नागरिकासारखीच खरेदी होते. एच-१बी असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला बंदी आहे. त्याला एक अपवाद म्हणजे वैध शिकार परवाना. पण तुमच्या राज्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत, आणि इथे चूक झाली तर व्हिसावर येतं. वकिलाला विचारल्याशिवाय मित्राची बंदूक रेंजवर हातातसुद्धा घेऊ नका.

नेब्रास्काच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. गरुडाच्या पंजांपाशी तिने मला थांबवलं आणि तांब्याची गोळी किती महाग पडते ते विचारलं.

एक शंका राहिली. दोन रायफली म्हणजे दोन स्कोप. पंधराशेत बसेल?

प्रतिसाद (टेक्सासहून)

ताईंचं नळीचं गणित बरोबर आहे, मी माघार घेतो. माझ्याकडे हरणं जास्त आणि प्रेअरी डॉग नाहीतच, म्हणून ते माझ्या ध्यानात आलं नाही.

स्कोप : हरणाला साधी ३-९×४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी) पुरते, ओढ्याकाठी तुमचा बार दीडशे यार्डांच्या पुढे जाऊच देऊ नका. माळावरच्याला मोठी दुर्बीण लागते, पण ती पुढच्या उन्हाळ्यात घ्या. आधी लेकीची रायफल, कारण तिला सरावाला महिने लागतात. आणि सपाट माळावर प्रत्येक बाराच्या मागे माती दिसली पाहिजे. बिळाच्या उंचवट्यावर उभा राहिलेला प्राणी आणि मागे नुसतं आभाळ असेल तर चाप ओढायचा नाही, गोळी मैलभराहून लांब जाते.

धागाकर्ता (भर)

काल रेंजवर ओळखीच्या एका काकांनी त्यांची डाव्या हाताची .२४३ लेकीला चालवू दिली. पहिल्या बाराला मी कागदाकडे पाहिलंच नाही, तिच्या पापण्यांकडे पाहत होतो. उघड्या होत्या. १०० यार्डांवर तीन भोकं, तिन्ही जुन्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतकी जवळ. काका म्हणाले, आता बस, आज इथेच थांबव. थांबवलं.

रुगर अमेरिकन, डाव्या हाताची, .२४३ घेतली. कोलोरॅडोत २०२३ पासून तीन दिवस थांबावं लागतं, म्हणजे शनिवारी हातात येईल. तिजोरी आधीच आणून भिंतीला पक्की केली आहे, घरात अल्पवयीन मूल असलं की इथे कायद्यानेच कुलूपबंद ठेवावी लागते. .२२३ पुढच्या पगारावर.

मालकांना फोन करून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, हरीण मिळालं तर तपासणीला पाठवणार ना? हरणांचा तो झिजत नेणारा आजार, सीडब्ल्यूडी, १९६७ मध्ये पहिल्यांदा लक्षात आला तो आमच्या फोर्ट कॉलिन्समधल्याच एका संशोधन केंद्रात. निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच ठेवायचं, खायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

८० आणि ८५ ग्रेनच्या तांब्याच्या गोळ्यांची एकेक पेटी आणतोय. दोन्हींच्या नेमाचे कागद रविवारी इथे टाकतो, बघून सांगा कुठली ठेवू.