मदत हवी आहे: काकणाच्या घरट्यात अंडी आहेत की पिल्लं, लांबून कसं ओळखायचं?

खाडीकाठ: दापोलीच्या किनाऱ्यालगत एका आंब्यावर काकणाचं, म्हणजे समुद्र गरुडाचं घरटं आहे. एक पक्षी सतत आत असतो. माझ्याकडे 8×42 (आठ पट मोठं दाखवणारी) दुर्बीण आहे. किती लांब बसू? ड्रोनने एकदा वरून पाहिलं तर?

सडा: ड्रोन अजिबात नको. गरुड त्याच्यावर झेप घेतो नाहीतर घरटं सोडतो, आणि अंडी उघडी पडली की कावळे डाव साधतात. शिवाय हा पक्षी वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे.

अंडी असताना किमान 200 मीटर लांब राहा. तेवढ्यावरून 8× ने फक्त हालचाल कळेल. तपशिलासाठी 20–60× चा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची जास्त ताकदीची दुर्बीण) आणि जड ट्रायपॉड लागेल. झूम 30× च्या आसपास ठेवा. ऊन चढलं की 60× वर चित्र नुसतं थरथरतं. म्हणून सकाळी साडेनऊपर्यंत आटपा. घरट्यापेक्षा उंच जागी किंवा समुद्राकडच्या त्याच्या वाटेत बसू नका.

आता ओळख. अंडी असतील तर पक्षी खोल बसतो, जेमतेम डोकं दिसतं. मधूनच उठून चोच खाली घालतो आणि अंडी फिरवतो. हे साधारण सहा आठवडे चालतं. पिल्लं निघाली की मासा किंवा समुद्रसाप आत येऊ लागतो, आणि मोठा पक्षी उभा राहून, मान वाकवून बारीक तुकडे भरवतो. अंडी असतानाही जोडीदार कधी भक्ष्य आणतो, त्यामुळे नुसत्या माशावरून ठरवू नका. वाकून भरवणं दिसलं तरच पिल्लं धरा. पुढे झाडाखालच्या पानांवर पांढरे शिंतोडे वाढतात. तेही दुर्बिणीतूनच बघा.

खाडीकाठ: पण वाडीतली माणसं रोज त्याच झाडाखालून जातात. त्यांना तो काही करत नाही.

सडा: चालत निघून जाणाऱ्यांची त्याला सवय असते. थांबून वर टक लावणारा माणूस त्याला वेगळा वाटतो. त्याने मान ताठ केली, ओरडायला लागला किंवा डोक्यावर घिरट्या घातल्या, तर सामान आवरून लगेच मागे या. तो परत बसेपर्यंत थांबून पाहायचं असेल तर आणखी शंभर मीटर लांबून.

सुरूबन: एक भर. फोटो टाकताना मोबाइलचं लोकेशन बंद ठेवा आणि गावाचं नाव लिहू नका. वहीत वेळ, कोण आलं, काय आणलं आणि किती मिनिटं भरवलं एवढं लिहिलं तरी पिल्लांचं वय अंदाजता येतं. घरटं सोडायला त्यांना अडीच महिन्यांच्या आसपास लागतात.