कॉलेजच्या मेलवर धोकादायक अटॅचमेंट सरसकट अडवाव्यात का?

नेटवर्क विभाग, छत्रपती संभाजीनगर
येत्या सत्रापासून आमच्या मेल सर्व्हरवर ईएक्सई, व्हीबीएस, जेएस, एलएनके, आयएसओ अशा, प्रोग्राम चालवू किंवा दडवू शकणाऱ्या फाइली आणि मॅक्रोवाल्या (आत छोटा प्रोग्राम असलेल्या) वर्ड-एक्सेल दारातच अडवायचं घाटतंय. पासवर्ड लावलेली झिपसुद्धा. माझा याला ठाम पाठिंबा आहे.

विंडोज ओळखीच्या फाइलीचं शेवटचं एक्स्टेन्शन, म्हणजे नावामागचा फाइलीचा प्रकार, लपवतं. त्यामुळे 'वेळापत्रक.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल क्लार्कला नुसती 'वेळापत्रक.पीडीएफ' दिसते, आयकॉनही पीडीएफचाच. त्याने ती उघडली तर दोष त्याला कसा द्यायचा? मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' व्हायरस असाच जगभर पसरला, टीएक्सटीच्या मागे व्हीबीएस दडवून. आमच्याकडे लॅब, ग्रंथालय, लेखा विभाग सगळे एकाच नेटवर्कवर आहेत, फोल्डर शेअर केलेले. एका टेबलावर फाइल उघडली की पगारपत्रकांपर्यंत सगळं एन्क्रिप्ट व्हायला, म्हणजे चोराच्या चावीशिवाय न उघडण्यासारखं व्हायला, वेळ लागत नाही.

प्राध्यापिका, संगणकशास्त्र, नांदेड
सर, काळजी रास्त आहे, पण सरसकट बंदीला माझा विरोध. जावास्क्रिप्ट (जेएस), बॅच फाइल, जार असल्या कोडच्या फाइली हाच तर माझ्या लेकरांचा अभ्यास. हिंगोलीकडच्या खेड्यातून एखादा मुलगा मोबाइलच्या डेटावर प्रोजेक्ट पाठवतो. फाइल गुपचूप अडते. त्याला वाटतं पोचली, मला वाटतं पाठवलीच नाही. मुदत टळते आणि विभागात खेटे घालायची वेळ त्याच्यावर येते. शिवाय मेल बंद झाला की लोक पेनड्राइव्ह नि व्हॉट्सॲपकडे वळतात. तिथे तुमचा पहारा कुठे आहे?

नेटवर्क विभाग
मॅडम, जीमेलही २०१७ पासून जेएस फाइल घेत नाही. ईएक्सई तर त्याच्याही आधीपासून नाही, झिपमध्ये घातली तरी. कोड मूडलवर (अभ्यास जमा करायच्या साइटवर) किंवा गिटवर (कोड साठवायच्या व्यवस्थेवर) मागवा. मुलांना पुढे नोकरीत तेच करायचं आहे.

परीक्षा विभाग, बीड
पासवर्डच्या झिपवर बंदी आम्हाला मान्य नाही. गुणांच्या याद्या आम्ही कुलूप लावूनच पाठवतो. मुलांचे गुण उघड्यावर पाठवायचे का?

नेटवर्क विभाग
साहेब, अडचण त्या कुलपाचीच आहे. स्कॅनरला आत बघता येत नाही. २०२० मध्ये इमोटेट हा व्हायरस पसरवणाऱ्यांनी हेच केलं: कुलूपबंद झिप, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला. माणूस स्वतःच्या हाताने उघडतो.

सिस्टीम ॲडमिन, लातूर
मी दोन्ही बाजूंशी असहमत आहे. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठाचं प्रकरण बघा. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथे आलेल्या फसव्या मेलमध्ये अटॅचमेंट नव्हतीच, लिंक होती. लिंकवरून एक्सेल फाइल उतरली, मॅक्रो चालला. चोर दोन महिने आत वावरत होते, कुणाला पत्ता नाही. २३ डिसेंबरला, ऐन नाताळच्या तोंडावर, २६७ सर्व्हर एन्क्रिप्ट झाले. काही बॅकअपही त्यातच गेले, कारण तेही नेटवर्कला जोडलेले. शेवटी विद्यापीठाने खंडणी म्हणून ३० बिटकॉइन मोजले, तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो.

तुमची बंदी तिथे असती तरी हे टळलं नसतं. आधी लेखा आणि परीक्षा विभागाचं नेटवर्क वेगळं करा. रोजच्या कामाच्या संगणकावरचे ॲडमिनचे अधिकार काढा. बॅकअपची एक प्रत केबल काढून कपाटात ठेवा. यातलं काही झालेलं नसताना फक्त अटॅचमेंट अडवून 'आम्ही सुरक्षित' म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

नेटवर्क विभाग
नेटवर्क वेगळं करायला नवे स्विच लागतात, मंजुरी लागते. अटॅचमेंटचा नियम आज संध्याकाळीही लावता येतो. मोठं काम रेंगाळलंय म्हणून छोटंही करायचं नाही, हे मला पटत नाही.

विद्यार्थी, परभणी
आमच्या गावात लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके (मोबाइलवर ॲप बसवणारी) फाइल व्हॉट्सॲपवर फिरली. काहींनी ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून उघडली. मेल बंद करा, पण फर्स्ट इयरच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला असली फाइल ओळखायला कुणीतरी समोर बसवून शिकवा. नोटीस बोर्डावरचं पत्रक कोणी वाचत नाही.

प्राध्यापिका, संगणकशास्त्र, नांदेड
हे मुलाचं बोलणं मनावर घ्या, सर. माझा विरोध दोन अटींवर मागे घेते. फाइल अडली की पाठवणाऱ्याला आणि मला, दोघांनाही लगेच मराठीत कळवा. आणि अडवलेली फाइल पुसू नका, बाजूला ठेवा. मागितली तर तपासून त्याच दिवशी द्या.

नेटवर्क विभाग
दोन्ही अटी मंजूर. परीक्षेच्या काळात सुट्टीच्या दिवशीही त्यासाठी एक माणूस बसवतो.

परीक्षा विभाग, बीड
आणि आमच्या याद्या? त्या अपलोड करायला लॉगिन असलेलं पोर्टल हिवाळी परीक्षेआधी मिळणार असेल तर झिप सोडायला तयार आहोत. तोवर आमचा विरोध कायम धरा.