नवा फोन, जुना संगणक : तुमच्या घरी जुळलं का?

मृण्मयी_कर्वेरोड
आमची सोसायटी पुनर्विकासाला गेलीये, महिनाअखेर जागा रिकामी करायची. काल आवराआवरीत बाबांच्या टेबलावरचं क्रोशाचं कव्हर उचललं, खाली त्यांचा संगणक. २००६ सालचा, जुन्या विंडोज एक्सपीवाला. बटण दाबलं तर चालू झाला! माझा फोन लावून पाहिला आणि तोच जुना आवाज, टुण्‌टुण्‌. मी तिथेच खोक्यावर बसले.

२०१३ मध्ये बाबांनी पहिला टचवाला फोन घेतला. त्याआधीचा बटणांचा फोन केबल लावली की पेन ड्राइव्हसारखा उघडायचा. नवा लावला की नुसतं टुण्‌टुण्‌, 'माय कंप्युटर'मध्ये काही नाही. सिंहगडावरचे फोटो फोनमध्ये अडकलेले. बाबांचं म्हणणं एकच, "संगणकात आलं म्हणजे घरात आलं." तीन संध्याकाळी आम्ही दोघं टेबलाखाली वाकून केबल काढतोय, घालतोय. शेवटी कळलं की नवे अँड्रॉइड पेन ड्राइव्हसारखे उघडतच नाहीत, एमटीपी नावाच्या वेगळ्या पद्धतीने बोलतात, आणि एक्सपीला ती कळायला मीडिया प्लेयर ११ टाकावा लागतो. गाण्यांचा प्लेयर टाकला आणि फोटो दिसायला लागले. फोटोंचं डीसीआयएम फोल्डर उघडलं तेव्हा बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

आता उलटा प्रवास आहे. ते सगळे फोटो माझ्या आत्ताच्या फोनमध्ये आणायचेत. तुमचे अनुभव लिहा ना, कुठे अडलं, कसं सुटलं.

धायरीकर
केबल बघा आधी. माझे दोन रविवार केबलने खाल्ले.
तापकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या दुकानांच्या बाजारात, एका काकांनी दोन केबली कापून समोर धरल्या. एकीत चार तारा, लाल-काळी आणि पांढरी-हिरवी. दुसरीत फक्त लाल-काळी. "ही फोनला जेवण देते, बोलू देत नाही," म्हणाले. पांढरी-हिरवी नसेल तर माहिती जाणार कुठून! बाहेरून दोन्ही अगदी सारख्या. तेव्हापासून डेटावाल्या केबलीला मी लाल दोरा बांधून ठेवतो.

सुमेधा७२
फोनवर वरून पट्टी खाली ओढायची आणि 'चार्जिंग'चं 'फाइल ट्रान्सफर' करायचं. बाकी रात्री लिहिते, कुकर लावलाय.

पेठेतला_निनाद
मृण्मयीताई, वाचून आमच्या आईचे नंबर आठवले.
तिच्या बटणांच्या फोनमधले सगळे नंबर मी संगणकात उतरवून ठेवले होते, व्हीसीएफ फाइलमध्ये. नावं मराठीत. नव्या फोनमध्ये टाकली तर नंबर बरोबर आणि नावाच्या जागी नुसतं बरोबरचं चिन्ह, ई-शून्य, बरोबरचं चिन्ह, ए-चार... अशी रांग. 'आई' ही दोन अक्षरं, तर तिथे सहा जोड्या. नंतर समजलं, युनिकोडची साठवणूक तशीच आहे, देवनागरीच्या एकेका अक्षराला तीन-तीन जागा लागतात. नवा फोन ती रांग परत जोडायलाच तयार नव्हता.

मग मी आईला एकेक नंबर वाचून दाखवत बसलो. ३४० होते. २५४ ने सुरू झाला की आई लगेच, "हा कोथरूडकडचा, थांब." आणि नाव सांगायची. नुसत्या आकड्यांवरून! मधेच थांबायची, "हे आता नाहीत रे, पण राहू दे नंबर." चार दिवस लागले. एवढं सलग मी आईशी कॉलेज संपल्यानंतर बोललोच नव्हतो.

सुमेधा७२
निनाद, आईंना नमस्कार सांग. राहू दे नंबर हे अगदी आमच्या घरातलं वाक्य.

हडपसर_अभि
मृण्मयीताई घाई करा. इतक्या वर्षांनी चालू झाला म्हणजे उद्याही होईलच असं नाही. आणि गुरुवारी, लाईट जाण्याच्या दिवशी, काही करू नका, मधेच बंद पडायचा.

कल्पना_आत्या
पुनर्विकास कुठे गं? आमच्याकडे चार वर्षं नुसत्या मीटिंगा. भाडं बिल्डर वेळेवर देतोय ना?

मृण्मयी_कर्वेरोड
आत्या, नळस्टॉपजवळ. पहिल्या अकरा महिन्यांचे चेक मिळालेत. धायरीकर, माझीही केबलच खराब असणार बहुतेक, उद्या दुसरी बघते.

श्रीराम_वारजे
एक्सपीचं इंटरनेट उघडत नसेल तर आधी घड्याळ बघा, खालच्या कोपऱ्यात. आमच्या संगणकाची तारीख रोज १ जानेवारी २००२ व्हायची. तारीख चुकली की वेबसाइटचं प्रमाणपत्र जुळत नाही आणि पान उघडत नाही. आत मदरबोर्डवर रुपयाएवढा सेल असतो, सीआर२०३२, तो बदलला. तरीसुद्धा मेल उघडली नाही, कारण एक्सपीसोबतच्या ब्राउझरला आताची सुरक्षा पद्धत येतच नाही. २०१४ च्या एप्रिलपासून एक्सपीला अपडेट नाहीत. म्हणून मेलवरून, गूगल ड्राइव्हवरून पाठवायच्या फंदात पडू नका.

मी काय केलं ते सांगतो. फोनवर एफटीपी सर्व्हरचं, म्हणजे नेटवर्कवरून फायली पाठवायचं, ॲप टाकलं, ते चालू केलं की फोन एक पत्ता दाखवतो. संगणक आणि फोन एकाच राउटरवर हवेत, संगणकाला लॅनची वायर असली तरी चालतं. तो पत्ता 'माय कंप्युटर'च्या वरच्या पट्टीत टाकला की फोनची फोल्डरं उघडतात. केबल नको, ड्रायव्हर नको. एफटीपी १९७१ पासूनची पद्धत आहे, त्यामुळे दोघांनाही येते. काम झालं की ॲप बंद करा मात्र, त्यात कुलूपबिलूप नसतं.

अदिती_बावधन
आमच्याकडे वेगळंच. लेकीने दिलेला आयफोन, ह्यांचा विंडोज ७ चा संगणक. लग्नाचे फोटो उतरवले, सगळ्यांच्या नावाशेवटी एचईआयसी, फोटो साठवायचा नवा प्रकार, एकही उघडेना. हे घाबरले, फोटो खराब झाले म्हणून. रात्री साडेअकराला लेकीला फोन! तिने सांगितलं, सेटिंग्जमध्ये फोटोजला जाऊन अगदी तळाशी 'ऑटोमॅटिक' करा, मग उतरवताना जेपीजी होऊन येतात. आले. सातशे बावीस. हे मोजत होते.

सुमेधा७२
अदिती लग्न लेकीचं? अभिनंदन गं! कार्यालय कुठलं घेतलं होतंत? भाचीसाठी शोधतेय, मेहेंदळे गॅरेजच्या आसपास.

अदिती_बावधन
पुतणीचं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

हडपसर_अभि
संगणक भंगारात देताना हार्ड डिस्क काढून घ्या हां ताई. डिस्कला रुंद चपटी पट्टी असेल तर जुनी आयडीई जोडणी, बारीक वायर असेल तर नंतरची साटा. दोन्ही लागणारं यूएसबी ॲडॉप्टर मिळतं, लॅपटॉपला लावून सगळं दिसतं. मामांचा संगणक चालूच होत नव्हता तरी डिस्क ठणठणीत होती.

निनादची_वहिनी
३४० मधला माझा नंबर सासूबाईंनी पाठ म्हणून दाखवला होता, निनादने वाचायच्या आधी 😊

मृण्मयी_कर्वेरोड
झालं!! आत्ता रात्री साडेबाराला लिहितेय.

धायरीकर म्हणाले तशी चार तारांची केबल शेजारून आणली. पुढच्या पोर्टला फोन सारखा सुटत होता, मागच्या पोर्टला लावला तर टिकला, पण दर चाळीस-पन्नास फोटोंनंतर अडकायचा. एफटीपी जमलं असतं, पण राउटर काल सकाळीच खोक्यात गेला. मग पेन ड्राइव्ह. नवा ६४ जीबीचा घातला तर संगणक विचारतो, फॉरमॅट करू का? कुणीही 'हो' म्हणू नका, त्यातलं सगळं जाईल. तो एक्सफॅट नावाच्या साठवणीच्या पद्धतीत होता, ती एक्सपीला वेगळ्या अपडेटशिवाय वाचता येत नाही. ड्रॉवरमध्ये बाबांचाच जुना ८ जीबीचा सापडला, फॅट३२ या जुन्या पद्धतीचा. तीन फेऱ्या केल्या. तो ओटीजीच्या छोट्या जोडणीने फोनला लावला आणि सगळं उतरलं.

बाबांनी फोल्डरला नावं दिलीत. 'सिंहगड पाऊस'. 'मृ परीक्षा'. 'टेकडी सकाळ'. आणि एक व्हिडिओ, सतरा सेकंदांचा. आमचं टेबल, केबल, माझा हात. मागून बाबांचा आवाज, "आलं का गं? दिसतंय का?" आणि मी म्हणतेय, "थांबा ना बाबा, हलवू नका."

श्रीरामकाका, सेल मी पण बदलून घेतेय. संगणक नव्या जागी नेणार आहे.

श्रीराम_वारजे
सेल मी आणून देतो, तापकीर गल्लीत शनिवारी जातोच आहे. मॉनिटर हलवताना काचेकडून छातीशी धरायचा, वजन पुढे असतं त्याचं.

धायरीकर
मीही येतो शनिवारी. शेजाऱ्यांची केबल परत केलीत का?

मृण्मयी_कर्वेरोड
अजून संगणकालाच आहे. सकाळी देते.