मदत हवी आहे: पाडव्याला फराळाचा मोठा ट्रे कसा मांडू?

नमस्कार मंडळी, पाडव्याला संध्याकाळी घरी २०-२२ जण येणारेत आणि ह्यावेळी प्रत्येकाला बशी भरून देण्याऐवजी एकाच मोठ्या लाकडी ट्रेमध्ये सगळा फराळ मांडायचं ठरवलंय, म्हणजे ज्याला जे आवडतं ते तो घेईल आणि उष्टं टाकलं जाणार नाही. भाजणीची चकली, पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळे, बेसन लाडू, अनारसे एवढं नक्की, करंज्या सुक्या खोबऱ्याच्याच करणार कारण ओल्या नारळाच्या टिकत नाहीत.

अडचण अशी की मुंबईची हवा दमट, चकली उघडी राहिली की मऊ पडते आणि चिवडा तर लगेच सादळतो. मग चिवडा झाकणाच्या छोट्या डब्यांत ठेवू की कागदाचे कोन करू? अनारशांचं तूप निथळून शेजारच्या चकल्यांना लागतं, खाली केळीचं पान पुरेल का?

आणि एवढं गोड-तळलेलं खाल्ल्यावर काहीतरी आंबट-तिखट लागतंच, मी कोथिंबीर वडी आणि हिरवी चटणी म्हणतेय, अजून काय चालेल? दोन काकांना डायबेटिस आहे, त्यांनाही हात आखडता घ्यावा लागू नये असं मनापासून वाटतं, भाजलेले मखाणे सोडून काही सुचतंय का? कोणी असं मांडलं असेल तर फोटो टाका प्लीज 🙏