शॉवरच्या जागेत पाणी साचतं : जुन्या लादीवर नवी लादी चालेल का?

दुसरा_मजला
काचेच्या पार्टिशनपलीकडे शॉवरची जागा साडेतीन फूट बाय तीन फूट आहे. नहाणी ट्रॅप (पाणी जायचं जाळीचं तोंड) एका कोपऱ्यात आहे, पण पाणी नेमकं समोरच्या कोपऱ्यात साचतं. खालच्या घराच्या छताला ओलही दिसायला लागली आहे. मिस्त्री म्हणतो, काही फोडू नका, वरूनच 2 बाय 2 फुटांची व्हिट्रिफाइड लादी बसवू आणि सांध्यांत व्हाइट सिमेंट भरू, गळती बंद होईल. पटत नाही. फोडायचंच असेल तर उतार किती द्यायचा, वॉटरप्रूफिंग कुठल्या थरावर करायचं आणि सामान किती आणायचं? जमेल तेवढं काम घरीच करायचं आहे.

ओळंबा
वरून लादी अजिबात लावू नका. उतार चुकलाय तो खालच्या थरात, वरची लादी तोच उतार घेऊन बसेल. गळती लादीतून नाही, लादीखालून होते आहे, ती झाकली जाईल इतकंच. शिवाय जुन्या लादीच्या गुळगुळीत ग्लेझवर सिमेंटचा घोळ धरत नाही, वर्षभरात लादी पोकळ वाजू लागते.

फोडताना ट्रॅपच्या आसपास ब्रेकर मशीन लावू नका, तिथे छिन्नी-हातोडीच बरी. खालचा विटांचा कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) ठोकून बघा. ठणठणीत असेल तर राहू द्या. भुसभुशीत, काळा पडलेला असेल तर स्लॅबपर्यंत काढावाच लागेल.

उतार फुटाला पाव इंच, म्हणजे साधारण 6 मि.मी. तुमच्या जागेचा कर्ण सुमारे 4.6 फूट भरतो. म्हणजे लांबचा कोपरा ट्रॅपच्या जाळीपेक्षा 28 मि.मी. उंच हवा. तेवढी उंची मिळत नसेल तर 18 मि.मी. पर्यंत खाली या, त्याहून कमी नको. हा सगळा उतार गिलाव्यातच, म्हणजे लादीखालच्या सिमेंट-रेतीच्या थरातच काढा. लादी लावताना अॅडहेसिव्ह जाड-पातळ करून उतार जुळवायला गेलात की जाड भाग आकसतो आणि लादी खाली-वर होते.

गिलावा 1 सिमेंटला 4 रेती, ट्रॅपजवळ 25 मि.मी. आणि लांबच्या कोपऱ्यात 53 मि.मी. एवढ्या जागेला अर्धी गोणी सिमेंट आणि दीड-पावणेदोन घनफूट चाळलेली रेती पुरते. कालवलेला माल मुठीत आवळला की गोळा राहावा, बोटांत पाणी उतरू नये. सात दिवस ओला ठेवा.

लादीकाम
गिलाव्यापर्यंत सहमत. वॉटरप्रूफिंगचा थर मात्र गिलाव्याच्या वरही हवा. आपल्याकडे तो फक्त स्लॅबवर करून वर कोबा ओतायची सवय आहे. मग सांध्यांतून झिरपलेलं पाणी गिलाव्यात अडकून राहतं, सांधे पांढरे पडतात, वास येतो.

आधी भिंत आणि जमीन मिळते तिथे 25 मि.मी.ची गोल वाटा (कोपऱ्यात सिमेंटची गोलाई) मारा, काटकोनातच कोट फाटतो. मग पावडर आणि लिक्विड असं दोन भागांचं पॉलिमर कोटिंग ब्रशने, एक कोट आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. जमिनीवर आणि शॉवरच्या भिंतींवर 6 फुटांपर्यंत. दोन भिंती धरून 50 चौरस फुटांना 9-10 किलो लागेल, तरी डब्यावरचा खप वाचून घ्या.

सगळ्यात जास्त गळती होते ट्रॅपच्या कडेने. पीव्हीसी गुळगुळीत असतं, त्याला सिमेंट चिकटत नाही. ट्रॅपचा गळा पॉलिश पेपरने खरवडा, भोवतीची फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरा, आणि पहिल्या कोटमध्ये फायबरची जाळी दाबून कोट ट्रॅपच्या तोंडात आतपर्यंत उतरवा. ट्रॅपच्या झाकणाच्या जाळीखाली काठावरच थांबलेला कोट म्हणजे काम अर्धवट.

दुसरा_मजला
समजलं. मग 2 बाय 2 ऐवजी कुठली लादी घेऊ?

लादीकाम
कोपऱ्यातल्या ट्रॅपकडे उतार दोन बाजूंनी येतो आणि मोठी लादी वाकत नाही. एक तर तिरका छेद द्यावा लागतो, नाहीतर कोपरे वर येतात. 4 इंची अँटिस्किड (न घसरणारी) घ्या. सांधे जास्त म्हणजे पायाला पकडही जास्त. दुकानात लादी ओली करून अंगठा घासून बघा. फार खरखरीत नको, बोअरचं पाणी असेल तर त्यात क्षार आणि साबण बसतो. मोठीच लादी हवी असेल तर भिंतीलगत लांबट चॅनेल ट्रॅप बसवा, मग उतार एकाच दिशेने राहतो.

अॅडहेसिव्ह आयएस 15477 (लादीच्या अॅडहेसिव्हचं भारतीय मानक), टाइप 2 किंवा वरचं. 20 किलोचं एक पोतं जमिनीला पुरून उरेल. कालवून पाच-दहा मिनिटं ठेवा, परत ढवळा, 6 मि.मी. दातांच्या थापीने ओढा, लादीच्या पाठीलाही पातळ हात फिरवा. मधली एखादी लादी उचलून बघा. पाठीवर कोरडे पट्टे दिसले तर तिथेच पुढे पाणी साठणार.

सांधे 3 मि.मी., त्यात इपॉक्सी ग्राउट. 4 इंची लादीला सांधे जास्त, म्हणून एका किलोवर थांबू नका, दोन किलो आणा. थोडं थोडंच कालवा, उन्हाळ्यात ते लवकर घट्ट होतं. लादीवरचा थर लगेच ओल्या स्पंजने पुसा, वाळल्यावर निघत नाही. भिंत आणि जमिनीच्या सांध्यात मात्र ग्राउट नको, सिलिकॉन भरा.

ओळंबा
लादीच्या आधी पाणी भरून बघायला विसरू नका. कोट पूर्ण वाळल्यावर ट्रॅपला बूच मारा, उंबऱ्याला विटांचा तात्पुरता बांध घाला, लांबच्या कोपऱ्यातही दोन इंच पाणी उभं राहील इतकं भरा आणि भिंतीवर पेन्सिलने खूण करा. शेजारी पाण्याची एक बादलीही खूण करून ठेवा. 48 तासांनी दोन्ही खुणा बघा. बादलीतलं पाणी जेवढं उतरलं तेवढंच जमिनीवरचं उतरलं असेल तर ते बाष्पीभवन. जास्त उतरलं तर आधी ट्रॅपची कड तपासा, मग वाटा. या काळात खालच्या घरातल्या छतावरही ओलीची कड खडूने आखून घ्या. तिथली जुनी ओल सुकायला आठवडे लागतात, ती लगेच गेली नाही म्हणून काम फसलं असं समजू नका. कड खडूच्या पुढे सरकली तरच काळजी.